वसाहतीत भाजीची बाग केली, तर मुलांचं वजन आटोक्यात येईल का?

प्रश्न थोडक्यात असा: चाळीस कुटुंबांची वसाहत आहे, मागच्या बाजूला शंभर चौरस मीटरच्या आसपास जागा मोकळी पडून आहे. गेल्या चार-पाच वर्षांत मुलांची वजनं डोळ्यांना दिसतील इतकी वाढली आहेत. सहा-सात जणांनी मिळून तिथे भाजीची बाग करायचं ठरवलंय, आणि तिला जोडून सहा महिन्यांची 'वजन घटवा' मोहीम काढायची आहे. बागेमुळे मुलांचं वजन खरंच उतरेल का, सुरुवात कुठून करावी, आणि दर महिन्याला मुलांची वजनं करून तक्ता सूचनाफलकावर लावावा का, हे विचारलं आहे.

मी आहारतज्ज्ञ आहे. गेली एकोणीस वर्षं शाळांमध्ये आणि वसाहतींमध्ये अशाच उपक्रमांबरोबर काम करते आहे. काही बागा अजून उभ्या आहेत, काही दुसरं वर्ष लागायच्या आत तणात गेल्या. दोन्हींकडून जे शिकले त्याच्या आधारे लिहिते.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तिथे चूक झाली तर ती भरून काढणं फार अवघड जातं. तक्ता लावू नका. फलकावर नको, मुलांची नावं झाकून नको, 'फक्त पालकांच्या गटात' म्हणूनही नको. मी कामाला लागले तेव्हा एका शाळेत असा तक्ता होता आणि मी त्याला हरकत घेतली नाही. दुसऱ्या महिन्यात तक्त्यात सगळ्यात खाली असलेली मुलगी वजनाच्या दिवशी यायची बंद झाली, नंतर बागेतही यायची बंद झाली. ज्या मुलीसाठी एवढं सगळं मांडलं होतं तीच बाहेर पडली. पुढे २०१४ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन हजारांहून जास्त मुलींची माहिती त्यात होती. दहाव्या वर्षी ज्यांना घरच्या किंवा शाळेतल्या कुणी 'तू फार जाड आहेस' असं म्हटलं होतं, त्या एकोणिसाव्या वर्षी लठ्ठ असण्याची शक्यता इतर मुलींपेक्षा जास्त निघाली, आणि दहाव्या वर्षीचं वजन हिशेबात धरूनही ती जास्तच राहिली. लाज वाटली की माणूस लपून खातो, खेळायला जाणं टाळतो. मुलं याला अपवाद नाहीत.

शिवाय वाढत्या मुलाच्या बाबतीत नुसता किलोचा आकडा फारसं काही सांगत नाही. मोठ्यांसाठी बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २५ किंवा त्याहून जास्त असेल तर जादा वजन आणि ३० किंवा त्याहून जास्त असेल तर लठ्ठपणा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. मुलांना ती लागू होत नाही. त्यांचा इंडेक्स वय आणि लिंगानुसार वाढीच्या आलेखावर मांडून पाहावा लागतो. पुष्कळदा मुलाचं वजन कमी करायचंच नसतं. वजन आहे तिथे थोडा काळ थांबतं, उंची वाढत राहते, आणि दोन वर्षांत प्रमाण जुळून येतं. 'वजन घटवा' हे नाव म्हणूनच बदला. मुलांनी वजन घटवावं, हे आपलं उद्दिष्टच नाही.

आता मुख्य प्रश्न. बागेमुळे वजन उतरेल का? आधी हिशेब करून पाहू, कारण बाग सुरू करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात दोन समजुती असतात. एक, बागेत राबल्याने चरबी जळेल. दोन, बागेतली ताजी भाजी खाऊन आहार सुधारेल.

पहिली घेऊ. चाळीस किलोच्या मुलाने अर्धा तास खुरपणी केली, झारीने पाणी घातलं, तर साधारण ७० ते ८० कॅलरी खर्च होतात. साखरेच्या थंड पेयाच्या ३३० मिलिलिटरच्या एका डब्यात ३५ ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे जवळपास १४० कॅलरी. बागेत दमलेल्या मुलांना शाबासकी म्हणून कुणी एकेक डबा वाटला, तर तासाभराची मेहनत पाच मिनिटांत भरून निघते. हे उदाहरण मी रचलेलं नाही. असं वाटप मी तीन ठिकाणी पाहिलं आहे, आणि तिन्ही ठिकाणी ते प्रेमापोटीच केलेलं होतं.

आता दुसरी. शंभर चौरस मीटरमधून वाटा सोडल्या तर वाफ्यांना साठ-पासष्ट चौरस मीटर मिळतात. चांगली माती, पुरेसं पाणी आणि शिकलेले हात असतील, तर एका हंगामात चौरस मीटरमागे अडीच-तीन किलो भाजी धरायला हरकत नाही. म्हणजे सगळी मिळून पावणेदोनशे किलोंच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना रोज माणशी किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते. चाळीस कुटुंबांत १६० माणसं धरली, तर दिवसाला ६४ किलो लागतील. तुमच्या बागेचा अख्ख्या हंगामाचा माल वसाहतीला तीन दिवसही पुरणार नाही.

हा हिशेब मी पहिल्याच बैठकीत फळ्यावर मांडते. काही चेहरे पडतात. तरी तो आधीच मांडलेला बरा, कारण ज्या बागेकडून पोटभर भाजीची अपेक्षा ठेवली ती बाग पहिल्या हंगामानंतर 'फुकट गेली' असं वाटू लागतं.

मग बाग करायचीच कशाला? तर मुलाच्या जिभेसाठी आणि मोठ्यांच्या सवयींसाठी. हे मी विश्वासाने सांगते, आणि गेल्या पंधरा वर्षांतले अभ्यासही याच दिशेने जातात. पूर्वी बागेच्या बाजूने मोठे दावे केले जायचे. उदाहरणार्थ, २०१३ साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीमधल्या सामुदायिक बागांचा अभ्यास आला. बागेत काम करणाऱ्या स्त्रियांचा बॉडी मास इंडेक्स शेजारणींपेक्षा १.८४ ने आणि पुरुषांचा २.३६ ने कमी निघाला. आकडे छान आहेत. पण बागेत नाव नोंदवणारी माणसं मुळातच तब्येतीची काळजी घेणारी असू शकतात, ही शंका उरते. ती दूर करायची तर चिठ्ठ्या टाकून काहींना जागा द्यायची आणि काहींना थांबायला लावायचं, असा प्रयोग लागतो. अमेरिकेतल्याच डेन्व्हर आणि ऑरोरा या शहरांत तसा झाला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. २९१ प्रौढ होते, सगळे बागकामात नवखे. ज्यांना बागेत तुकडा मिळाला त्यांच्या आहारात रोज सुमारे १.४ ग्रॅम तंतुमय पदार्थ जास्त आले आणि रोजची हालचाल सहाएक मिनिटांनी वाढली. बॉडी मास इंडेक्समध्ये मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

मुलांच्या बाबतीतही चित्र मिश्र आहे. लॉस एंजेलिसमध्ये चार शाळांत शाळा सुटल्यावर आठवड्याला दीड तास, असे बारा आठवडे बागकाम आणि स्वयंपाक शिकवला. त्या मुलांचा वयानुसारचा बॉडी मास इंडेक्स आणि कमरेचा घेर तुलनेच्या गटापेक्षा जास्त उतरला. पुढे त्याच धर्तीवर टेक्सासमध्ये सोळा शाळांत अख्खं शैक्षणिक वर्ष प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. मुलं भाज्या जास्त खाऊ लागली होती, वजनात फरक नव्हता. इंग्लंडमध्येही शाळांच्या बागांचा मोठा प्रयोग झाला आणि नुसत्या बागेने मुलांच्या खाण्यातल्या फळं-भाज्या वाढल्याचा फारसा पुरावा मिळाला नाही. जिथे बाग शाळेच्या सगळ्या कामकाजात मुरली होती, तिथे मात्र चांगली वाढ दिसली.

या सगळ्याचा मी लावलेला अर्थ सांगते, तो माझा आहे हे ध्यानात ठेवून वाचा. बाग ताटापर्यंत पोचली तर खाणं बदलतं. खाणं बदललं, तरी ताटाबाहेरचं सगळं तसंच राहिलं तर वजन हलत नाही. वजन हलायचं तर आजूबाजूचं सगळंच थोडंथोडं बदलावं लागतं, आणि त्याला वर्षं लागतात.

वर्षं म्हणजे किती, याचं एक उदाहरण माझ्या नेहमी मनात असतं. उत्तर फ्रान्समध्ये फ्लरबे आणि लाव्हांती ही दोन छोटी गावं आहेत. तिथे १९९२ मध्ये शाळांतून आहारशिक्षण सुरू झालं. पुढे त्यात घरं आली, दुकानदार आले, डॉक्टर आले, खेळाच्या सोयी आल्या. सुरुवातीची काही वर्षं मुलांमधलं जादा वजनाचं प्रमाण वाढतच राहिलं. त्या टप्प्यावर थांबले असते तर उपक्रम फसला अशीच नोंद झाली असती. ते थांबले नाहीत. २००४ मध्ये त्या गावांतल्या मुलांमध्ये जादा वजनाचं प्रमाण ८.८ टक्के होतं, आणि तुलनेसाठी घेतलेल्या गावांत १७.८ टक्के. बारा वर्षं लागली. अमेरिकेतल्या सोमरव्हिल शहरातही असंच सगळीकडून काम झालं: शाळेचं जेवण, पायी शाळेला जाण्याचे रस्ते, उपाहारगृहांतले पदार्थ, पालकांचे गट. पहिल्या शैक्षणिक वर्षात फरक पडला तो आठ वर्षांच्या मुलामागे साधारण अर्धा किलो वजन कमी वाढलं, एवढाच. एका मुलाच्या बाबतीत हा फरक डोळ्यांना दिसणारही नाही. पण शहरातल्या सगळ्या मुलांचा तोल जेव्हा तेवढा सरकतो, तेव्हा तो मोठा असतो.

तेव्हा तुमच्या सहा महिन्यांच्या मोहिमेबद्दल माझा आग्रह असा: मुदत काढून टाका, किंवा तीन वर्षांची ठेवा. सहा महिन्यांत वजनाचा निकाल मागितलात तर तो मिळणार नाही आणि चांगलं चाललेलं काम लोक सोडून देतील.

सुरुवात कुठून, याचं उत्तर आता सोपं होतं. चुलीपासून. पहिली कुदळ मारण्याआधी ठरवा की जे उगवेल ते कोण, कुठे, कधी आणि मुलांबरोबर शिजवणार. मी एका शाळेत अतिशय देखणी बाग पाहिली होती. टोमॅटोचे मांडव, पालकाचे हिरवेगार वाफे, पाट्यांवर मुलांच्या हातची नावं. काढलेली भाजी मात्र पिशव्या भरून मोठ्यांच्या घरी जायची. वर्षभर बागेत राबलेल्या मुलांना विचारलं, तर पालक चाखलेली मुलं मोजून चार निघाली. त्यानंतर मी कुठेही बाग सुरू करताना एकच अट घालते: पहिल्या काढणीचा पहिला घास मुलांचा, आणि तो तिथेच, त्याच दिवशी.

चाखण्याचं तंत्र नीट समजून घ्या, कारण पूर्ण उपक्रमाचा गाभा तिथे आहे. नवी चव नाकारणं हा मुलांचा हट्ट नसतो, त्या वयाचा तो स्वभाव आहे. तीच भाजी आठ-दहा वेळा, काहींच्या बाबतीत पंधरा वेळा समोर यावी लागते, तेव्हा ती ओळखीची होते. घरात बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या नकारानंतर ती भाजी त्या मुलापुरती बंद होते. बाग नेमकी ही कसर भरून काढते. बी पेरलं, अंकुर पाहिला, पाणी घातलं, पानाचा वास घेतला, कीड वेचली: ताटात येण्याआधीच त्या भाजीशी दहा वेळा भेट झालेली असते. म्हणून आमचा नियम असा असतो की घास एवढासाच, नखाएवढा. चावून बघायचा, नाही आवडला तर बाजूला काढायचा, कुणी काही बोलायचं नाही. 'खाल्लंस तर खाऊ देईन' असं अजिबात म्हणायचं नाही, कारण त्यातून मुलाला कळतं ते एवढंच की भाजी हे सोसायचं काम आहे आणि खाऊ ही त्याची किंमत. शेजारी बसून मोठ्यांनी तीच भाजी चवीने खाणं, याइतका परिणाम कशाचाच होत नाही. ज्या वसाहतीत वडील मंडळी चाखायला बसली, तिथली मुलं लवकर बदलली, हे मी परत परत पाहिलं आहे.

स्वयंपाकात मुलांना खरं काम द्या. सहा वर्षांचं मूल पानं निवडू शकतं, शेंगा सोलू शकतं. नऊ-दहा वर्षांचं मूल मोठ्यांच्या देखरेखीखाली सुरी धरू शकतं. पंधरा दिवसांतून एक दुपार पुरते. साधे पदार्थ निवडा, ज्यात भाजीची चव दिसते आणि जे घरी दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटांत करता येतात. घरी करता येणार नाही असा पदार्थ शिकवला तर दुपार मजेत जाते, ताट मात्र तसंच राहतं.

यानंतर ताटाबाहेरचं. मला निवड करायला सांगितली आणि एकच गोष्ट बदलता येईल असं म्हटलं, तर मी बागेच्या आधी पेयं बदलेन. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत आणली तर आणखी बरं. मध आणि फळांच्या रसातली साखरही यात धरतात. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्या मोठ्या माणसाला ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. वर सांगितलेला एक डबा ती मर्यादा एका दमात ओलांडतो. लहान मुलाची मर्यादा तर याहून कमी. वसाहतीने मिळून ठरवा की आवारातल्या कुठल्याही एकत्र कार्यक्रमात, खेळानंतर, बैठकीत, पाणीच ठेवायचं. घरी कुणी काय प्यावं हा त्यांचा प्रश्न, त्यात पडू नका. एकत्र असताना पाणी, एवढंच. पिण्याच्या पाण्याची चांगली सोय खेळाच्या जागेजवळ आहे का तेही बघा. नळ लांब असेल तर मूल जवळच्या दुकानात जाणारच.

पाकीटबंद खाण्याबद्दलही मोठ्यांशी बोला. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत संशोधक केव्हिन हॉल यांनी वीस प्रौढांना महिनाभर रुग्णालयात ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, म्हणजे कारखान्यात तयार झालेलं खाणं आणि दोन आठवडे साधं, घरगुती धाटणीचं खाणं दिलं. दोन्हींत साखर, चरबी, मीठ, तंतू यांचं ताटातलं प्रमाण सारखंच ठेवलं होतं आणि हवं तेवढं खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या खाण्यावर माणसांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलो वजन वाढलं. साध्या खाण्यावर साधारण तेवढंच उतरलं. मी हा प्रयोग पालकांना आवर्जून सांगते, कारण त्यांच्या खांद्यावरचा अपराधाचा भार त्याने हलका होतो. मुलाला संयम नाही किंवा आईचं लक्ष नाही, असं नसतं. काही पदार्थच असे असतात की हात थांबत नाही. मग ते घरात कमी आणणं, हाताशी न ठेवणं, हा उपाय उपदेशापेक्षा जास्त चालतो.

इथवर आलो आहोत तर एकदा मांडून घेऊ: मुलांची वजनं जाहीर नकोत, बाग हे भाजीचं कोठार नाही, ती चवीची शाळा आहे, चूल आणि चाखणं आधी ठरवा, एकत्र असताना पाणीच, आणि मुदत वर्षांची. आता प्रत्यक्ष जमिनीकडे वळू.

पहिली गोष्ट माती तपासून घ्या. जागा पूर्वी कशासाठी वापरली होती हे जुन्या रहिवाशांना विचारा. वाहनं दुरुस्त व्हायची, कचरा जाळला जायचा, जुन्या रंगाचे पापुद्रे भिंतीवरून पडतात, किंवा वाहता रस्ता अगदी लागून आहे, असं काही असेल तर मातीत शिसं असू शकतं. शिसं मुलांच्या मेंदूला बाधतं आणि त्याची सुरक्षित अशी पातळी नाही. शिसं भाजीतून जातं त्यापेक्षा जास्त मातीने माखलेल्या हातांतून आणि न धुतलेल्या पालेभाज्या-कंदांवरच्या मातीतून पोटात जातं. अहवालात शिसं जास्त आलं तर त्या मातीत पेरू नका. खाली जाड कापड अंथरून वर बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीचे उंच वाफे करा, आणि उरलेली जमीन पालापाचोळ्याने झाकून टाका. अहवाल चांगला आला तरी हात धुण्याचा नळ बागेच्या दारातच हवा.

सगळी जागा पहिल्याच हंगामात खणू नका. हा मोह मी जवळजवळ प्रत्येक गटात पाहते. पहिल्या महिन्यात वीसजण येतात, तिसऱ्या महिन्यात सहा उरतात, आणि सहा जणांना शंभर चौरस मीटरचं तण आवरत नाही. वीस-पंचवीस चौरस मीटरने सुरुवात करा. मुलांचे वाफे मीटरभरापेक्षा रुंद नकोत, म्हणजे दोन्ही बाजूंनी छोटा हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. वाफ्यांमधली वाट दोन माणसं एकमेकांना ओलांडतील एवढी ठेवा. चाकाच्या खुर्चीतलं कुणी असेल तर त्याहून रुंद, आणि एक वाफा कमरेच्या उंचीला. बागेत येणाऱ्यांमध्ये आजी-आजोबा असणं ही फार मोठी गोष्ट आहे. दुपारी वेळ असणारी आणि रोज चक्कर मारणारी माणसं बहुतेक तीच असतात.

काय लावायचं हे तुमच्या हवामानावर आणि ऋतूवर अवलंबून आहे, ते इथून सांगता येणार नाही. पण निवडीचा विचार सांगते. पहिलं पीक महिन्याभरात हातात आलं पाहिजे, कारण मुलांचा धीर तेवढाच असतो. मुळा पंचवीस-तीस दिवसांत येतो, बहुतेक पालेभाज्या तीस-चाळीस दिवसांत. त्यांच्या सोबतीला पन्नास-साठ दिवसांत येणारी शेंगभाजी किंवा काकडी, आणि एखाददुसरं लांब मुदतीचं पीक, टोमॅटोसारखं. फळभाज्यांना सहा ते आठ तास थेट ऊन लागतं, पालेभाज्या चार तासांवरही तग धरतात. मुलं जे झाडावरून तोडून तसंच खाऊ शकतील असं काहीतरी असू द्या: कोवळा वाटाणा, छोटे टोमॅटो, गाजर. मातीतून गाजर उपसून काढणाऱ्या मुलाचा चेहरा पाहिला की पुढचं बरंच काही आपोआप होतं. खाण्याआधी ते धुवायचं, एवढं मात्र विसरू नका.

खत पूर्ण कुजलेलंच वापरा. कच्चं शेण भाजीला नको, विशेषतः कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत मातीला टेकणाऱ्या पिकासाठी कच्चं शेणखत आणि काढणी यांत किमान १२० दिवसांचं अंतर ठेवायला सांगितलं आहे, आणि ते रोगजंतूंसाठीच आहे. मुलांच्या बागेत रासायनिक फवारणी मी टाळते. मावा, म्हणजे पानांवरची बारीक कीड, पडली तर पाण्याचा जोराचा फवारा, पानं काढून टाकणं आणि थोडं नुकसान सोसणं, एवढं पुरतं. ही बाग उत्पन्नासाठी नाही.

राबणुकीचं वेळापत्रक मात्र बीपेरणीच्या आधी कागदावर हवं. 'सगळ्यांची बाग' म्हणजे बहुतेक वेळा दोन बायकांची बाग होते आणि दीड वर्षात त्या थकतात. प्रत्येक वाफ्याला दोन कुटुंबं, प्रत्येक आठवड्याला एक पाणी घालणारी जोडी, आणि लांब सुट्टीत कोण थांबणार आहे हे महिनाभर आधी ठरलेलं. सुट्टीत वाळलेली बाग मुलांनी परत येऊन पाहिली की पुढच्या हंगामाला निम्मी मुलं कमी होतात. जागा वापरायची लेखी परवानगी, पाण्याचा खर्च कोण देणार, आणि काढलेली भाजी कशी वाटायची, याही गोष्टी भांडण व्हायच्या आत लिहून ठेवा. वाटणीत आमचा क्रम असा असतो: आधी मुलांची चाखणी, मग त्या आठवड्याची एकत्र चूल, मग त्या आठवड्यात राबलेली घरं. ज्यांना भाजी विकत घेणं जड जातं अशी घरं असतील तर त्यांच्यासाठी वेगळा वाटा काढू नका, त्यांना चुलीच्या गटात घ्या. वेगळा वाटा माणसाला एकटं पाडतो.

तक्ता नको म्हटलं, मग प्रगती कळणार कशी? मोजायला खूप काही आहे. या महिन्यात मुलांनी किती वेगवेगळ्या भाज्या चाखल्या. किती घरांनी एकत्र चुलीवरचा पदार्थ आठवड्याभरात परत केला. किती कार्यक्रमांत फक्त पाणी होतं. किती मुलं आपणहून आली. हे आकडे फलकावर लावा, मोठ्या अक्षरांत, कारण ते सगळ्या वसाहतीचे आहेत, कुणा एका मुलाचे नाहीत. उंची-वजन पाहायचंच असेल तर वर्षातून एकदा, आरोग्य कर्मचाऱ्याच्या हातून, पडद्याआड, आणि निकाल फक्त त्या मुलाच्या पालकांना.

काही मुलांच्या बाबतीत बाग पुरी पडणार नाही, हेही सांगायला हवं. मूल झोपेत मोठ्याने घोरत असेल किंवा श्वास अडखळत असेल, मानेच्या मागे कातडी काळी आणि जाडसर होत असेल, तहान-लघवी एकाएकी वाढली असेल, वजन वाढतंय पण उंची थांबली असेल, किंवा वजन थोड्या महिन्यांत झपाट्याने वाढलं असेल, तर पालकांना आधी डॉक्टरकडे पाठवा. त्यामागे उपचार लागणारी कारणं असू शकतात. तीव्र लठ्ठपणा हा आजार आहे, त्याला औषधोपचार असतात, आणि ते घेणाऱ्या मुलाला बागेत 'आता भाजी खा, गोळ्यांची गरज नाही' असं कुणी म्हणता कामा नये.

पहिल्या बैठकीत मुलांना बोलवा आणि त्यांनाच विचारा की काय लावायचं. ती सगळ्यात आधी फळं सांगतील, मग फुलं, मग टोमॅटो. फुलांना एक वाफा द्या, त्याने मधमाश्या येतात आणि काकडीला फळ धरतं. दोन-तीन भाज्या मुलांच्या पसंतीच्या घ्या आणि दोन तुमच्या. बैठकीच्या आधीच्या आठवड्यात कुणीतरी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी जागेवर जाऊन ऊन कुठे किती वेळ पडतं ते कागदावर काढून ठेवा. मातीचा अहवाल आणि तो कागद हातात आला की इथेच लिहा. ऋतू आणि पाण्याची सोय सांगितलीत तर पहिल्या हंगामाचे वाफे कसे आखायचे ते आपण मिळून ठरवू.